रंग वाढला

सोलापुरात साखर पेठेच्या मागच्या अंगाला अंबादास महिंद्रकरांची सूत रंगवायची भट्टी आहे. भट्टी म्हणजे पत्र्याच्या छपराखाली मांडलेले सहा तांब्याचे हंडे, लड्या वाळत घालायच्या दांड्या, आणि या सगळ्यावर करडी नजर ठेवणारे खुद्द अंबादास मास्तर. बाहेर दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडलं, गल्लीत सामान टाकायला उडत्या पेट्या यायला लागल्या, तरी मास्तरांच्या हंड्यात सूत हातानंच बुडतं आणि हातानंच निघतं. हातमागावर रेशीम विणणारी चार गिऱ्हाइकं अजून त्यांच्याशिवाय कुणाकडं जात नाहीत, आणि ही गोष्ट मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

त्या भट्टीत एक वाक्य बोलायला सक्त मनाई आहे. ‘रंग संपला.’ नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तसाच मास्तरांच्या भट्टीत रंग कधी संपत नाही, वाढतो. सुतावरचा रंग उतरून जावो, हंड्यातला सरो, नाहीतर डबाच रिकामा होवो, म्हणायचं एकच, ‘रंग वाढला.’ त्यांची मुलगी हर्षदा सहा वर्षांची असताना एकदा हंड्यात डोकावून ‘अप्पा, संपला की रंग!’ असं ओरडली होती. त्या दिवशी तिला दांडीचा प्रसाद मिळाला, आणि ‘वाढला’ हा शब्द जो हाडात मुरला तो कायमचा.

ही हर्षदा आता चौतिशीची होती आणि होटगी रस्त्यावरच्या विभागीय रेणू-प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. कामात चोख, बोलण्यात बेताची. वडील काय करतात असं कुणी विचारलं की म्हणे, ‘टेक्सटाइलमध्ये आहेत.’ त्यात खोटं काही नव्हतं. पण शाळेत तिच्या निळ्या नखांवरून पोरी ‘रंगारीण, रंगारीण’ म्हणून चिडवायच्या, आणि तेव्हापासून भट्टी हा विषय ती उंबऱ्याच्या आतच ठेवून बाहेर पडायची.

प्रयोगशाळेत सध्या ‘पारख’ची धांदल होती. पारख म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तापाच्या रोग्याचं थेंबभर रक्त तिच्यात सोडलं की वीस मिनिटांत ताप कोणता ते कळायचं. राज्यातल्या चार हजार उपकेंद्रांत, आशाताईंच्या हाती, एकेक पारख द्यायचं ठरलं होतं.

आतलं शास्त्र सांगायला सोपं आहे. जंतूचा डीएनए म्हणजे दोन पदरांचा गोफ. रक्तात हे गोफ इतके थोडे असतात की शोधून सापडत नाहीत. म्हणून पेटी त्यांना तापवते, तेव्हा पदर सुटतात. मग निववते, तेव्हा प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणला जातो. हे विणकाम करणारा एक नाजूक विकर, म्हणजे एन्झाइम, पेटीतच असतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे पस्तीस फेरे झाले की एका गोफाचे अब्जावधी होतात. तरी ते डोळ्यांना दिसणार कसे? तिथं रंग लागतो. हा रंग मोकळा असताना अंधारा असतो आणि गोफाच्या खाचेत जाऊन बसला की चमकतो. गोफ जितके जास्त, तितका उजेड जास्त.

शेवटी पेटी सगळं पुन्हा हळूहळू तापवत नेते. गोफ उसवला की रंग निसटतो आणि उजेड झपकन उतरतो. तो कोणत्या तापमानाला उतरला, यावरून जंतू ओळखायचा. हिवतापाचा गोफ सैल विणीचा, लवकर उसवतो. टायफॉइडचा घट्ट, बराच वेळ धरून राहतो. एका रंगात डझनभर तापांचा निवाडा, त्यामुळे पेटीचा सगळा जीव त्या रंगात होता.

त्यासाठी तीन रंग स्पर्धेत होते. एक जुना हिरवा, पन्नास वर्षं जगभर वापरलेला. पण सोलापूरच्या उन्हात फ्रीजबाहेर चार दिवस काढायची त्याची तयारी नव्हती. दुसरा बाहेरून आलेला, ज्याला कुणी नावही दिलं नव्हतं, नुसता नंबर सत्तावीस. उन्हाला दाद न देणारा, पण मिणमिणता. तिसरा ‘तेज-चार’. तो डॉक्टर मृणालिनी कानडे यांनी याच प्रयोगशाळेत नऊ वर्षं खपून बनवला होता. जुन्या हिरव्याच्या सहापट झळाळणारा. बघणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघायचंच.

कानडे मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. बारा वर्षांपूर्वी हर्षदा इथं काचेची भांडी धुवायला लागली होती. तिचे हात स्थिर आहेत हे मॅडमनी हेरलं, पिपेट हातात दिली, परीक्षांना बसवलं आणि धुण्याच्या मोरीवरून ओट्यावर आणलं. तिन्ही रंगांची तुलना करायचं काम त्यांनी डोळे झाकून तिच्यावर सोपवलं होतं. तिनं नऊशे नमुने तपासले, प्रत्येक नमुना तिन्ही रंगांत.

आता या तुलनेतली एक अडचण. माणसाच्या रक्तातला कुठलाही जनुकीय आलेख साठवायला कायद्यानं बंदी होती. पेटीच्या खिडकीत तो दिसायचा आणि पुसला जायचा. जे दिसलं ते हर्षदानं बोलायचं आणि ओट्यावरच्या ‘वही’नं ऐकायचं. वही म्हणजे एक बोलकं यंत्र. मराठीत ऐकून नीटनेटक्या इंग्रजीत नोंद करायचं. हातमोजे काढायला नकोत, पेन शोधायला नको. सगळ्यांना ते फार सोयीचं वाटत होतं.

गुरुवारी समिती येऊन तेजवर शिक्कामोर्तब करणार होती. सोमवारी चार वाजता समितीसाठी बांधलेला अहवाल हर्षदाच्या हातात आला, आणि सदतिसाव्या पानावर ती थांबली. मिश्र नमुने, म्हणजे हिवताप आणि टायफॉइड एकाच रक्तात, एकूण अकरा. तेजच्या रकान्यात लिहिलं होतं की अकराही नमुन्यांत हिवतापाचा संकेत वाढला.

अकराही वेळा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की तेजमध्ये हिवतापाची खूण दिसतच नव्हती. ती वहीला तसं बोललीही होती. मग मॅडम काही म्हणाल्या नाहीत, तेव्हा तिनं मनाची समजूत घातली होती की मोठी माणसं आहेत, त्यांनी बघितलं असेल. आणि आता तिला आठवलं, ती नेमकं काय बोलली होती. ‘हिवतापाचा रंग वाढला.’

संध्याकाळी ती थेट भट्टीवर गेली. अप्पा ओल्या लड्या पिळत होते.

“तोंड का पाडलंस गं?”

तिनं सगळं सांगितलं. अप्पांनी आधी नीट ऐकून घेतलं, मग एकदम खो खो हसत सुटले. “म्हंजे त्या यंत्रापुढं नारळ वाढवला म्हटलं, तर त्याला नारळ मोठा झाला वाटंल की!”

“अप्पा, हसताय काय? पेट्या गावोगाव जातील. दोन्ही ताप झालेलं माणूस टायफॉइडच्या गोळ्या घेत बसेल आणि हिवतापानं मरेल.”

अप्पांचं हसू तिथल्या तिथं थांबलं. त्यांनी हातातली लडी दांडीवर टाकली. “दांडी मीच मारली होती तुला,” ते म्हणाले. “शब्द बरोबर होता बघ. ऐकणारं परकं होतं. आता काय करणार?”

“सांगितलं तर मॅडमच्या नऊ वर्षांचं पाणी होतं. आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळं. आणि चूक पुन्हा माझ्याच तोंडची.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

तिनं दांडीवरची लडी उगाच सरळ केली.

“मग मला विचारालालीस कशाला?” अप्पा म्हणाले आणि पुन्हा लडी उचलून पिळायला लागले.

मंगळवारी सकाळी तिनं मॅडमच्या टेबलावर सदतिसावं पान उघडून ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी वहीतलं ध्वनिमुद्रण लावलं. खोलीत हर्षदाचा आवाज अकरा वेळा म्हणाला, रंग वाढला, रंग वाढला.

“आवाज तुझाच आहे ना?”

“हो मॅडम. पण आमच्यात वाढला म्हणजे संपला.”

“आमच्यात म्हणजे कुणात?”

बारा वर्षं जे तिनं टाळलं होतं, ते आता टाळता येईना. “रंगाऱ्यांत. माझे वडील रंगारी आहेत. आमची सुताची भट्टी आहे.”

“ही प्रयोगशाळा आहे, हर्षदा. भट्टी नाही!” मॅडमचा आवाज चढला. “समिती दोन दिवसांवर आली आणि तू मला शब्दांचे खेळ सांगतेस? मुख्य तंत्रज्ञ म्हणून तुझं नाव मी स्वतः पाठवलंय. एवढा झळझळीत रंग, आणि तो हिवतापासारखा रोग चुकवेल? का चुकवेल? कारण सांग.”

कारण तिला ठाऊक नव्हतं. “दिसलं नाही, एवढं मी पाहिलंय,” ती म्हणाली.

“जा. मला एकटीला राहू दे.”

हर्षदा बाहेर आली ती डोळे पुसतच. अपमान झाला म्हणून नव्हे, मॅडमना दुखावलं म्हणून तिला रडू येत होतं.

बुधवारी सकाळी साडेसातला भट्टीच्या दारात मॅडम उभ्या. अंगावर इस्त्रीची पांढरी साडी, आणि रंगाऱ्याच्या भट्टीत पांढरी साडी नेसून येणारी बाई मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हर्षदा कोपरापर्यंत हंड्यात हात घालून उभी होती, हात निळीनं माखलेले. लपवायला वेळच मिळाला नाही.

“काल ते अकरा तुकडे मी पुन्हा पुन्हा ऐकले,” मॅडम म्हणाल्या. “वहीनं शब्द ऐकला. मीही शब्दच ऐकला होता. पण प्रत्येक वेळी ‘वाढला’ म्हणताना तुझा आवाज पडलाय. कुणी गेल्याचं सांगतात ना, तसा. चांगली बातमी कुणी अशी सांगत नाही.” मग त्या मास्तरांकडे वळल्या. “नमस्कार. मी मृणालिनी कानडे. मला कारण सापडत नाही. तुमची मुलगी म्हणते रंग गेला. गेला तर उजेड उतरायला हवा. उजेड तर तसाच राहतो. मग रंग गेला कुठं?”

अप्पांनी हात पुसून नमस्कार केला. डीएनए वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं, पण हा प्रश्न त्यांना अगदी रोजचा वाटला. “बाई, बसा. लांब बसा जरा, साडी खराब होईल. हर्षे, एक सुताची लडी आण, एक रेशमाची.”

त्यांनी छोट्या हंड्यात गुलाबी रंग कालवला, बेताचाच, आणि दोन्ही लड्या एकदम सोडल्या. पाणी कोमट होतं तोवर दोन्हींनी थोडा थोडा रंग घेतला. दोन्ही गुलाबी दिसायला लागल्या. मग अप्पांनी जाळ वाढवला. पाणी तापलं तसा सुताचा गुलाबी फिका पडत गेला आणि रेशीम मात्र गडद होत चाललं.

“आता पाणी बघा,” अप्पा म्हणाले. मॅडम वाकून बघायला लागल्या. पाणी जवळजवळ नितळ होतं.

“सुतानं रंग सोडला. पण पाण्यात उतरला का? नाही. रेशमानं वरच्या वर उचलला. रेशीम हावरं असतंय बघा, आणि रंग बी त्याच्यावर भाळलेला. नुसतं पाणी बघणाऱ्याला वाटंल, कुणी काही सोडलंच नाही. सगळं ठीक चाललंय.”

मॅडम ताठ उभ्या राहिल्या. “पाणी म्हणजे आमचा उजेड,” त्या हळूच म्हणाल्या. “हिवतापाचा गोफ आधी उसवतो. तेज तिथून निसटतो, पण टायफॉइडचा गोफ अजून शाबूत असतो. त्याच्यावर जाऊन बसतो आणि तिथं चमकतो. म्हणून उजेड उतरतच नाही. उतार नाही म्हणजे हिवताप नाही. अरे देवा.”

“मग रंग जास्त टाकायचा,” हर्षदा म्हणाली. “दोघांनाही पुरून उरेल एवढा.”

“तेज जास्त टाकला की विकर गुदमरतो. विणकामच थांबतं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, म्हणून तर मी तो बेतानं टाकते.” मॅडम पुन्हा हंड्यावर वाकल्या. “मास्तर, एक सांगा. रंग पळाला हे पाण्यावरून कळत नाही, तर तुम्हाला कळतं कसं?”

अप्पांची छाती आता चांगलीच फुगली होती. त्यांनी खुंटीवरून एक बोटभर लांबीची, मळकट धाग्याची गुंडी काढली. “ही साक्ष. सगळ्यात लाजरं सूत. कितीबी करा, रंग घेत नाही लवकर, आणि घेतला तर आधी सोडतंय. प्रत्येक हंड्यात एक बांधून सोडायची. पंगतीत लाजऱ्या पाहुण्याचं पान बघायचं असतंय बाई. त्याच्या पानात वाढलेलं दिसलं, म्हंजे सगळी पंगत जेवली. साक्ष फिकी निघाली तर हंडाच खोटा. माल बाहेर काढायचा नाही.”

मॅडमनी पदर खोचला, आणि तो मळका धागा स्वतःच्या हातानं हंड्यात सोडून बघितला. साडीवर गुलाबी शिंतोडे उडाले. धागा फिकाच निघाला.

दुपारी दोघी प्रयोगशाळेत एकाच ओट्याशी बसल्या. हिवतापाचा आणि टायफॉइडचा शुद्ध डीएनए त्यांनी मोजून एकत्र केला आणि दोन पेट्यांत भरला. तेजच्या पेटीत टायफॉइड लख्ख दिसला, हिवतापाच्या जागी सरळ सपाट रेघ. दुसऱ्या पेटीत नंबर सत्तावीस होता. तो हावरा नव्हता, विकराला त्रास देत नव्हता, म्हणून सढळ हातानं टाकता आला. उजेड मंद, खिडकी तीन सेकंद जास्त उघडी ठेवावी लागली, पण दोन उतार, दोन जंतू, स्वच्छ. मग त्यांनी हिवतापाहूनही सैल विणीचा एक छोटासा गोफ तयार करून दोन्ही पेट्यांत सोडला. ही त्यांची साक्ष. सत्तावीसमध्ये ती दिसली. तेजमध्ये दिसली नाही.

“नऊ वर्षं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तेजची पेटी बंद केली आणि हात तिच्यावर तसाच ठेवला. हर्षदानं दोन कप चहा आणला आणि एक त्यांच्यापुढं ठेवला.

गुरुवारी समिती बसली. अध्यक्ष डॉक्टर सुखटणकर मोठे कडक गृहस्थ. तेजचं कौतुक करण्यासाठी त्यांनी प्रास्ताविकही लिहून आणलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या. “तेज-चारची शिफारस मी मागे घेते. सदतिसावं पान चुकीचं आहे. त्यावर सही माझी आहे, म्हणून चूक माझी. ती शोधली श्रीमती हर्षदा महिंद्रकर यांनी. पुढचं त्या सांगतील.”

हर्षदा उठली. तिनं आधी स्वतःच्या तोंडचा शब्द सांगितला, तो कसा आला ते सांगितलं, काही झाकलं नाही. मग दोन पेट्या सुरू केल्या. वीस मिनिटं झाली. एका खिडकीत हिवतापाच्या जागी सपाट रेघ, दुसरीत दोन उतार आणि त्यांच्या आधी साक्षीचा एक छोटा उतार. अध्यक्ष खुर्चीतून उठून पेटीपाशी आले. त्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा तेच दिसलं.

“ही साक्षीची कल्पना कुठली?” त्यांनी विचारलं. “कुठल्या संस्थेत शिकलात?”

जिभेवर सवयीनं ‘टेक्सटाइल’ आलं होतं. हर्षदानं टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघितलं. बुधवारची निळी नखं तशीच होती, घासूनही गेली नव्हती. तिनं हात मागं घेतले नाहीत.

“साखर पेठेत, सर. वडिलांच्या भट्टीत. आम्ही रंगारी आहोत. सात पिढ्या हंड्यात साक्ष टाकतोय.”

सुखटणकरांनी आपलं प्रास्ताविक घडी करून खिशात टाकलं. “तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा,” ते म्हणाले. शेजारी बसलेल्या मॅडमच्या चेहऱ्यावर, स्वतःचा रंग हरलेला असूनही, लेकीचा निकाल ऐकणाऱ्या आईसारखा आनंद होता, आणि त्या तो लपवतही नव्हत्या.

समितीनं नंबर सत्तावीस निवडला, आणि तीन महिन्यांनी पारखची माहितीपुस्तिका छापून आली. हर्षदानं पहिली प्रत भट्टीवर नेली. अप्पांनी भिंग लावून सातवा नियम शोधला आणि मोठ्यानं वाचला. ‘प्रत्येक चाचणीत साक्ष टाकलेली असते. साक्ष दिसली नाही, तर निकाल धरू नये.’ मग दोन्ही वेळच्या चहाला जो येईल त्याला त्यांनी तो वाचून दाखवला. दूधवाल्याला दोनदा. ‘आमचा शब्द आहे,’ म्हणायचे, ‘सरकारनं छापलाय.’ पुस्तिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून साक्षीच्या खुंटीलाच टांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हर्षदाला खोलीत बोलावलं. तेजची नोंद अजून बंद करायची राहिली होती. नऊ वर्षांची नोंद, एकेचाळीस हजार ओळी. मॅडमना ती एकटीनं बंद करायची नव्हती. त्यांनी वही पुढं ओढली, घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तेज-चार. रंग वाढला.”

वही आता शिकलेली होती. तिनं विचारलं, “वाढला म्हणजे अधिक झाला, की संपला?”

मॅडमनी हर्षदाकडे बघितलं आणि मान हलवली.

“संपला म्हणायचं नसतं,” त्या वहीला म्हणाल्या. “भाषांतर करू नकोस. आहे तसंच लिही.”

सगळ्या इंग्रजी ओळींच्या शेवटी वहीनं तेवढे दोन शब्द मराठीत लिहिले, आणि नोंद बंद केली.